खाडीच्या मुखाच्या पॉइंटला तारीख आणि पाणी जोडा : कोकणातील मच्छीमार सहकारी संस्थांना खुले पत्र

प्रति,
कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार सहकारी संस्थांचे अध्यक्ष, संचालक, नौकामालक आणि तांडेल बंधू

सप्रेम नमस्कार.

मासेमारीबंदी उठायला आता पंधरा दिवस उरले आहेत. शाकारून ठेवलेल्या नौका उघडल्या जात आहेत, इंजिनांची कामे निघाली आहेत, जाळ्यांना बोये बांधणे चालू आहे आणि दरवर्षीप्रमाणे मोबाइलवरून एकमेकांना जीपीएसचे पॉइंट पाठवणेही सुरू झाले आहे. हे पत्र या शेवटच्या गोष्टीबद्दल आहे, आणि त्यातही फक्त खाडीच्या मुखाच्या पॉइंटांबद्दल. मासळीचे पॉइंट ज्याचे त्याने लपवावेत किंवा वाटावेत, त्यात मला काही सांगायचे नाही.

माझी विनंती अशी की मुखातून आत शिरण्याचा पॉइंट देताना तो कोणत्या दिवशी, किती पाण्यावर आणि किती बूड असलेल्या, म्हणजे पाण्यात किती खोल बसणाऱ्या, नौकेने घेतला हे सोबत द्यावे, आणि ही माहिती प्रत्येक संस्थेने आपल्या कार्यालयात एका वहीत लिहून ठेवावी. एवढ्यासाठी खुले पत्र कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणून आधी माझी स्वतःची फजिती सांगतो.

तीन वर्षांपूर्वी, आश्विन वद्य षष्ठीच्या सकाळी, मी हर्णैकडून आंजर्ल्याच्या खाडीत शिरत होतो. इंजिनाच्या पाण्याच्या पंपाला गळती लागली होती आणि उघड्या समुद्रात नांगरून राहण्यापेक्षा खाडीत जाऊन काम करून घ्यावे असे ठरवले होते. मुखाचे चार पॉइंट पुतण्याने मोबाइलवर पाठवलेले होते आणि ते मी आदल्या संध्याकाळी यंत्रात भरले होते. समुद्र शांत होता, मतलईचा, म्हणजे जमिनीकडून येणारा, वारा पडत आला होता, कड्यावरच्या गणपतीचे देऊळ उन्हात स्वच्छ दिसत होते. पडद्यावरची नौकेची खूण दुसऱ्या पॉइंटवर बरोबर बसली, यंत्राने पोहोचल्याची शिटी दिली आणि त्याच वेळी पायाखालून, पोत्यातून तांदूळ ओतावेत तसा लांबट आवाज आला. वाळू बुडाला घासल्याचा आवाज एकदा ऐकलेल्या माणसाला तो दुसऱ्यांदा ओळखावा लागत नाही. मी गिअर उलटा टाकला तेव्हा पंख्याने मागून चहाच्या रंगाचे पाणी उसळवले, पण नौका हलली नाही, आणि ओहोटी दोन्ही अंगांनी वाहून जात राहिली.

षष्ठीची भरती साडेचारची. मी आठच्या सुमाराला शिरत होतो, म्हणजे पाणी सर्वांत वेगाने उतरत असताना. पावणेअकराला ओहोटी संपली तेव्हा नौका एका कुशीवर इतकी कलली होती की खलाशी खाली उतरून घोट्याएवढ्या पाण्यातून तिच्याभोवती फिरत होते. पेटीतला बर्फ वितळून पाणी डेकवर आले. दीडच्या सुमाराला चढत्या पाण्याने ती आपोआप मोकळी झाली. सुदैवाने त्या दिवशी लाट नव्हती. असती तर वाळूवर बसलेल्या लाकडी नौकेचे काय होते ते आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

घरी आल्यावर पुतण्याला विचारले, तेव्हा कळले की त्याने पाठवलेला पॉइंट अजिबात खोटा नव्हता. तो त्याने हनुमान जयंतीच्या दिवशी, म्हणजे चैत्री पौर्णिमेच्या उधाणाला, ऐन भरतीच्या वेळी घेतला होता. त्याची होडी फायबरची, मागे मोटार लावलेली, तिचे बूड दोन फुटांच्या आत. माझी नौका लाकडी, आतल्या इंजिनाची आणि भरलेली असली की चार फूट पाण्यात बसणारी. शिवाय चैत्र आणि आश्विन यांच्यामध्ये एक आख्खा पावसाळा होऊन गेला होता. यातले काही त्याने सांगितले नव्हते, आणि विचारायचे होते ते मी विचारले नव्हते. चूक माझी, कारण सुकाणू माझ्या हातात होते.

त्या सकाळी यंत्राने मला पूर्णपणे खरे सांगितले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मी नेमका त्याच जागी होतो. फक्त त्या जागी पाणी नव्हते.

जीपीएस आपल्या हातात आले तेव्हा त्याच्यावर इतका भरवसा ठेवण्याची सोयच नव्हती. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संकेतांमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे दाखवलेली जागा शंभरेक मीटरने इकडेतिकडे असू शके, आणि साठ मीटर रुंदीच्या वाटेत शिरताना कोणी शहाणा माणूस पडद्याकडे पाहत नसे. ती भेसळ बंद झाली. आज साधे यंत्रसुद्धा मोकळ्या आभाळाखाली पाच-दहा मीटरांच्या आत जागा दाखवते, आणि इस्रो व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेल्या ‘गगन’ व्यवस्थेचे संकेत घेणारे यंत्र त्याहूनही बारीक दाखवते. नौका कोठे आहे हे जितके अचूक कळू लागले, तितकी पाणी कोठे आहे याची चौकशी आपण कमी करू लागलो. हे मी इतरांबद्दल बोलत नाही. त्या षष्ठीला माझ्या छपरीत पाण्याची खोली दाखवणारा इको साउंडर चालू होता आणि मी त्याच्याकडे एकदाही पाहिले नव्हते.

मुखाची वाळू एका जागी का राहत नाही हे आपल्याला कोणी शिकवायला नको. लाटा आणि किनाऱ्याने वाहणारा प्रवाह वाळू आणून मुखात टाकतात, ओहोटी ती बाहेर ढकलते, आणि या दोघांच्या झटापटीत जेथे कोणाचेच चालत नाही तेथे दांडा, म्हणजे पाण्याखालचा वाळूचा उंचवटा, पडतो. पावसाळ्यात एकीकडून नदीचा पूर येतो आणि दुसरीकडून नैर्ऋत्येची लाट येते, आणि श्रावणात आपण परत पाहतो तेव्हा दांडा तोच असला तरी त्याला फुटलेली वाट गेल्या वर्षीच्या जागी असतेच असे नाही. आंजर्ले, केळशी, बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर, प्रत्येक खाडीची तऱ्हा वेगळी. कोठे मुखाशी खडक आहे आणि वाट वर्षानुवर्षे टिकते, कोठे नुसती वाळू आहे आणि एका वादळात ती बदलते. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात दाभोळच्या खाडीला २८ व्या क्रमांकाच्या जलमार्गाचा मान मिळाला, पण कायद्यात नाव आले म्हणून वाळू जागेवर थांबत नाही.

चार्टवर सगळे सापडेल असेही कोणी समजू नये. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचे चार्ट मोठ्या बंदरांसाठी आणि उघड्या समुद्रासाठी उत्तम आहेत आणि ते नौकेवर असावेत. पण १:१५०००० प्रमाणाच्या चार्टवर एक मिलिमीटर म्हणजे दीडशे मीटर, आणि आपली साठ मीटरची वाट तेथे पेन्सिलीच्या टोकाखाली झाकली जाते. मोबाइलवरच्या उपग्रहचित्रात दांडा सुंदर दिसतो, फक्त ते चित्र कोणत्या महिन्यातले आणि कोणत्या पाण्यावरचे हे पाहणाऱ्याला ठाऊक नसते. तेव्हा खाडीच्या मुखाचा खरा नकाशा आपल्यालाच करावा लागेल, दरवर्षी नवा करावा लागेल, आणि त्यासाठी लागणारी सगळी हत्यारे आपल्याकडे आज आहेत.

त्यांपैकी पहिले हत्यार म्हणजे धक्क्यावरची पट्टी. माझ्या मते या सगळ्या पत्रात कोणी एकच गोष्ट करणार असेल तर त्याने ही करावी. धक्क्याच्या एखाद्या खांबावर, सर्वांत खालच्या ओहोटीच्या रेषेला शून्य धरून, दर दहा सेंटीमीटरला रंगाची खूण करावी आणि मीटरचे आकडे लांबून वाचता येतील एवढे मोठे काढावेत. आता समजा, दोघांनी होडी घेऊन मुखावर खोली मोजली आणि ती २.१ मीटर आली. त्याच वेळी पट्टीवर पाणी १.५ वर होते. मग वहीत २.१ लिहायचे नाही, ०.६ लिहायचे, कारण पट्टी शून्यावर असेल तेव्हा त्या जागी तेवढेच पाणी राहणार आहे. पुढे कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी, पट्टीवरचा आकडा आणि हा ०.६ यांची बेरीज केली की मुखावरचे पाणी मिळते. नौकेचे बूड १.२ मीटर असेल, लाट माथ्यापासून तळापर्यंत साठ सेंटीमीटर असेल तर तिच्या खळगीसाठी त्याचे निम्मे म्हणजे ०.३, आणि वर अर्धा मीटर मोकळे पाणी धरले, तर एकूण २.० मीटर हवे. म्हणजे पट्टीवर १.४ दिसेपर्यंत बाहेर थांबायचे. हे गणित चौथीच्या मुलाला येते. पट्टीच्या शेजारी आकडा सांगणारा एक माणूस मोबाइल किंवा वायरलेस घेऊन असला की बाहेरच्या नौकेलाही तो मिळतो.

येथे एक मेख आहे, ती लपवून उपयोग नाही. धक्का जर मुखापासून बराच आत असेल तर भरती तेथे उशिरा पोहोचते, आणि पट्टीवरचा आकडा मुखावरच्या पाण्याशी त्या क्षणी तंतोतंत जुळत नाही. पट्टी मुखाच्या जितकी जवळ तितकी चांगली. जवळ खांबच नसेल तर खडकावर रंग मारता येतो.

पट्टी नसली तरी पाण्याचा अंदाज आपल्या वाडवडिलांनी तिथीवर बांधून दिला आहेच. तिथीला पाऊणने गुणले की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, पंचमीला पावणेचार, प्रतिपदेला पाऊण. आपल्या किनाऱ्यावर हा हिशेब काम चालवण्याइतका चांगला बसतो, आणि नेमके तास व उंची हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेत. पण भरतीची वेळ कळली म्हणजे मधल्या तासांचे पाणी कळले असे होत नाही. ओहोटीच्या सहा तासांत पाणी एकसारखे उतरत नाही. एकूण फरकाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात पुन्हा दोन आणि सहाव्यात एक. फरक २.४ मीटर धरला तर तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी तासाला साठ सेंटीमीटर, म्हणजे मिनिटाला एक सेंटीमीटर उतरत असते. मी चौथ्या तासात शिरलो होतो. दहा मिनिटे आधी शिरलो असतो तर दहा सेंटीमीटर पाणी अधिक मिळाले असते. तेवढ्याने नौका सुटली असती की अडखळून थोडी पुढे जाऊन अधिक वाईट जागी बसली असती, याचा विचार मी अजून करतो. म्हणून अनोळखी किंवा बदललेल्या मुखात चढत्या पाण्यावरच शिरावे. चढत्या पाण्यात बसलेली नौका पाणीच उचलते, उतरत्या पाण्यात बसलेली तेथेच राहते. शिवाय ओहोटीचा जोर बाहेरून येणाऱ्या लाटेला सामोरा गेला की लाट उभी राहते आणि दांड्यावर फुटते, हे तर प्रत्येक तांडेलाला माहीत आहे. लिलाव गाठायच्या घाईत ते विसरले जाते, एवढेच.

यंत्र वापरण्याच्या काही सवयींबद्दलही लिहायला हवे, कारण पॉइंट बरोबर असूनही नौका चुकीच्या जागी जाते ती याच सवयींमुळे. आपण पॉइंट निवडतो आणि ‘गो टू’ दाबतो. यंत्र त्या क्षणी नौका जेथे आहे तेथून पॉइंटपर्यंत सरळ रेघ ओढते. आता आडवा प्रवाह नौकेला कडेला सरकवू लागतो, सुकाण्यावरचा माणूस नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, पॉइंटच्या दिशेने धरून ठेवतो, आणि नौका पॉइंटकडे तोंड करूनच हळूहळू वाटेबाहेर जात असते. पडद्यावर पॉइंट समोरच दिसत असल्यामुळे सगळे ठीक वाटते. मुखातली वाट ही दोन पॉइंटांना जोडणारी रेघ असते, नुसते दोन ठिपके नव्हेत. तेव्हा पॉइंट एकेक न घेता त्यांचा रूट करावा आणि त्या रेघेपासून नौका किती कडेला गेली हे दाखवणारा आकडा, ज्याला यंत्रात एक्सटीई म्हणतात, तो डोळ्यांसमोर ठेवावा. हा आकडा बहुतेक वेळा सागरी मैलात असतो. ०.०२ हा आकडा नगण्य वाटतो, पण सागरी मैल १८५२ मीटरांचा, म्हणजे ०.०२ म्हणजे सदतीस मीटर. वाट साठ मीटरची असेल तर मध्यापासून कडेपर्यंत तीसच मीटर असतात. म्हणजे पडद्यावर शून्य पूर्णांक शून्य दोन दिसले तेव्हा आपण वाळूवर आहोत.

तीच गोष्ट पोहोचल्याच्या शिटीची. पॉइंटपासून किती अंतरावर शिटी द्यायची हे यंत्रात ठरवलेले असते, आणि ते ०.१ मैल ठेवलेले असेल तर वळणाच्या १८५ मीटर आधीच यंत्र पुढच्या पॉइंटकडे वळायला सांगते. उघड्या समुद्रात याने काही बिघडत नाही. खाडीच्या मुखात मात्र नौका कोपरा कापून थेट दांड्यावर जाते. हे अंतर ०.०१ मैलावर आणून ठेवावे. ते कोठून बदलायचे हे न सापडल्यास गावातल्या कोणत्याही बारावीच्या मुलाला विचारावे, तो दोन मिनिटांत करून देईल, वर आपल्याला हसेल.

आकडे सांगण्या-लिहिण्यातली गफलत याहून घातक आहे. तोंडी सांगताना कोणी म्हणतो, ‘सतरा, पन्नास, चाळीस.’ ऐकणारा ते १७ अंश ५० मिनिटे ४० सेकंद असे भरतो. सांगणाऱ्याच्या यंत्रात मात्र १७ अंश ५०.४० मिनिटे असतात, म्हणजे ५० मिनिटे आणि २४ सेकंद. फरक सोळा सेकंदांचा, आणि अक्षांशाचा एक सेकंद सुमारे एकतीस मीटरांचा, तेव्हा पॉइंट जवळजवळ पाचशे मीटर सरकला. मोबाइल हीच जागा १७.८४०० अंश अशी दाखवतो, त्यामुळे तिसराच घोळ होतो. संस्थेच्या वहीत एकच पद्धत ठरवावी, अंश आणि दशांश मिनिटे ही मला सोयीची वाटते, आणि पानाच्या डोक्यावर ती अक्षरांत लिहून ठेवावी. यंत्राच्या सेटिंगमध्ये अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी जीपीएसचे डब्ल्यूजीएस ८४ हेच मोजमाप आहे ना, हेही एकदा पाहून घ्यावे. कोणी जुन्या भारतीय मोजमापावर ठेवलेले असेल तर आपल्या किनाऱ्यावर जागा पन्नास मीटरांहून अधिक सरकू शकते.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. सगळ्यांच्या यंत्रात तेच चार पॉइंट असतील तर पहाटेच्या अंधारात बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या सगळ्या नौका एकाच रेघेवर, एकमेकींच्या तोंडावर येतात. पूर्वी प्रत्येकाचा अंदाज थोडा वेगळा असल्याने नौका आपोआप पांगत असत. आता अचूकपणामुळेच धडक होण्याची पाळी येते. अरुंद वाटेत आपापल्या उजव्या कडेने जावे हा सागरी वाहतुकीचा जुना नियम आहे. तेव्हा रेघ मध्याची समजावी आणि पाणी पुरेल तेथवर तिच्या उजवीकडे राहावे. बोयाचा पॉइंट घेताना तो बोयावरच घेऊ नये, हेही त्यातच आले.

आता खुणांबद्दल. माझे वडील सुकाण्यावर असत तेव्हा मुखात शिरताना डोंगरावरचे एक झाड आणि किनाऱ्यावरच्या एका घराचा कोन एका रेषेत धरीत. झाड घराच्या उजवीकडे दिसू लागले की नौका एका बाजूला सरकली, डावीकडे दिसू लागले की दुसऱ्या. नीट पाहिले तर मगाशी सांगितलेला एक्सटीई तो हाच. फरक इतकाच की त्याला बॅटरी लागत नाही आणि तो सेटिंगमध्ये बिघडत नाही. नाळेवर एक खलाशी वेळूची काठी घेऊन उभा असे, काठीला हातभर अंतरावर कापडाच्या चिंध्या बांधलेल्या, आणि तो काठी टेकवून मोठ्याने पाणी सांगत असे. काठी टेकल्यावर हाताला वाळू आहे की चिखल की खडक हे कळते. इको साउंडरला ते कळायला फार महाग यंत्र लागते. ते झाड आता राहिले नाही आणि घरही पाडून तेथे दुमजली इमारत झाली आहे, पण नव्या खुणा ठरवता येतील. दोन बांबू, त्यांवर रंगवलेले पत्रे, एक पुढे खाली आणि एक मागे उंचावर, असे वाटेच्या रेघेत रोवले की झाले. वाट सरकली की बांबू हलवायचे. हर्णैला कनकदुर्गावरचे दीपगृह आहे, ते आपल्याला बंदर दाखवते. शेवटचे दोनशे मीटर ज्याचे त्यालाच शोधायचे असतात.

वहीचे रूप मी सुचवतो, संस्थांनी ते हवे तसे बदलावे. बंदी उठण्याच्या आधीच्या उधाणाला दोन होड्या मुखावर जाव्यात, एकीत यंत्र आणि काठी, दुसरी सोबतीला. वाटेच्या दोन्ही कडा आणि मध्य यांवर खोली मोजून, प्रत्येक मापाची वेळ टिपून, नंतर पट्टीच्या आकड्याने ती खाली आणून लिहावी. प्रत्येक पॉइंटसमोर तारीख आणि तिथी, पट्टीचा आकडा, शून्य पाण्यावरची खोली, तळ कसला, आणि पॉइंट घेणाऱ्या होडीचे बूड एवढे असावे. दर पौर्णिमा-अमावस्येला शक्य नसले तरी एखादे वादळ होऊन गेल्यावर आणि दिवाळीच्या सुमाराला पुन्हा मोजावे. पान जुने झाले की त्यावर आडवी रेघ मारावी, ते फाडू मात्र नये, कारण पाच-सहा वर्षांची पाने शेजारी ठेवली की वाळू कोणत्या बाजूला सरकते आहे हे दिसू लागेल, आणि गाळ काढण्याची मागणी घेऊन आपण जाऊ तेव्हा हातात तोंडी तक्रारीऐवजी आकडे असतील. मोबाइलच्या गटावर पानाचा फोटो टाकावा, सुटा पॉइंट टाकू नये. यंत्रातले गेल्या हंगामाचे मुखाचे पॉइंट नारळी पौर्णिमेच्या आधी पुसून टाकावेत; पुसवत नसतील तर निदान त्यांच्या नावात साल घालावे.

काही जण म्हणतील की आता सरकारनेच नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवायला घेतले आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघरहून एक लाख ट्रान्सपॉन्डरांची ती योजना जाहीर झाली, आणि संकटात सापडलेल्या नौकेचा ठावठिकाणा किनाऱ्याला कळावा यासाठी ती मोलाची आहे. पण ते यंत्र आपण कोठे आहोत हे दुसऱ्यांना सांगते, आपल्या बुडाखाली किती पाणी आहे हे आपल्याला सांगत नाही. बंदरांचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनाही या पत्राच्या निमित्ताने एक विनंती आहे. गाळ काढण्याचा प्रश्न मोठा आहे, त्याला पैसा आणि वेळ लागतो, त्यावर मी आज लिहीत नाही. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला, आपापल्या हद्दीतील लहान मुखांची एकदा मोजणी करून तो कागद तारखेसह धक्क्यावर चिकटवावा, एवढेच मागणे आहे. आमची वही त्यांना पडताळणीसाठी केव्हाही देऊ.

आमच्याकडे हे काम आम्ही चौघांनी गेल्या वर्षी करून पाहिले. पट्टी रंगवायला एक ओहोटी आणि अर्धा डबा ऑइलपेंट लागला. मोजणीला दोन सकाळी. वहीचे पहिले पान भरल्यावर जुन्या पॉइंटांशी ताडून पाहिले, तेव्हा मी जेथे बसलो होतो ती जागा वाटेपासून एवढी दूर निघाली की तेथून नेहमी आत-बाहेर करणाऱ्या एका तांडेलांनी मला सरळ विचारले, ‘तू तिकडे गेलासच कशाला?’ यंदाची मोजणी आषाढ अमावस्येच्या उधाणाला ठरवली आहे. जवळपासच्या संस्थांतील कोणाला पाहायला यायचे असेल तर सकाळी दहापर्यंत धक्क्यावर यावे. भरती अकरा-साडेअकराच्या सुमाराला आहे, आणि पाणी चढत असतानाच मुखावर जाऊन यायचे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
हर्णै–आंजर्ले पट्ट्यातील एक लहान नौकामालक

ता. क. : काठीसाठी वेळू घ्यावा तो सरळ, चार मीटरांचा आणि वाळलेला, ओला वेळू पाण्यात जड होतो आणि मोजणाऱ्याचा खांदा दुखतो. चिंध्यांऐवजी आम्ही लाल-पांढरा रंग दिला होता, पण पहाटेच्या उजेडात लाल रंग काळाच दिसतो, त्यामुळे यंदा अर्ध्या मीटरच्या खुणांना पुन्हा चिंध्याच बांधल्या आहेत.